वहिनीचं टायपिंग आणि माझं लिनक्स

परवा पुतणीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. “काका, हे तुमच्या कामाचं आहे बघा.” कुणीतरी एक यादी केली होती: जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी हलकी ॲप्लिकेशन्स. लिहायला हे वापरा, चित्रं बघायला ते, गाणी ऐकायला अमुक. त्यातली निम्मी नावं मला पाठ होती. एके काळी मी ती नुसती वापरली नव्हती, त्यांच्यापायी लोकांशी भांडलो होतो. मी म्हणालो, “ठेव तिकडं.” ती म्हणाली, “आता काय झालं तुम्हाला?” काय सांगणार कपाळ! तिच्याच आईची गोष्ट आहे आणि तिच्या आईनं ती तिला कधी सांगितलेली नाही. मीही सांगितलेली नाही. आता वयानं आणि कंटाळ्यानं दोन्हीनं दमलोय, तर लिहून टाकतो.

शतक बदललं त्या सुमाराची गोष्ट. माझा थोरला भाऊ आमच्या बीडमध्येच एका सरकारी कार्यालयात क्लार्क होता. गेवराईहून मोटारसायकलवर परत येताना हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. घरात आई, सत्तावीस वर्षांची वहिनी, तीन वर्षांची पुतणी आणि मी एवढे उरलो. मी एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होतो. पगार असा की कुणी विचारला तर मी विषय बदलायचो. माझं लग्न व्हायचं होतं.

नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरच्या एकाला नोकरी देतात. त्याला अनुकंपा म्हणतात. वहिनी बारावी झालेली होती, तिला क्लार्कची ऑर्डर मिळाली. मात्र ऑर्डरच्या खाली एक अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची, सरकारी परीक्षा पास झाली पाहिजे. नाही झाली तर क्लार्कची खुर्ची गेली. पहिलं वर्ष रडण्यात आणि दाखले गोळा करण्यात सरलं. परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची. उरलेल्या दोनपैकी पहिलीच्या वेळी नेमकी पुतणीला कावीळ झाली. म्हणजे हातात एक परीक्षा आणि सहा महिने राहिले.

तेव्हा टायपिंग म्हणजे टाइपरायटर, आणि परीक्षाही त्याच्यावरच. बसस्टँडजवळ एक जुना टायपिंग क्लास होता. गल्लीत शिरलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. सकाळी वहिनीला स्वयंपाक आणि लेकीचं आवरणं असायचं, दिवसा ऑफिस. म्हणजे संध्याकाळची बॅच. ते ऐकून आई म्हणाली, “सांजच्याला एकटी बाई स्टँडाकडं जाणार? लोकं काय म्हणतील?” लोकं म्हणजे नेमके कोण हे मला आजवर कळलेलं नाही, पण आमच्या घरातले निम्मे निर्णय त्यांनीच घेतलेत.

“मी शिकवतो की घरी,” मी म्हणालो. “कॉम्प्युटरवर. अक्षरांची मांडणी तीच अस्ती. ते लोखंडी धूड कोण विचारतंय आता? चार दिवसांचा सोबती हाय ते.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “आमच्या हाफिसातली एकजण जाती क्लासला. तिच्यासंगं गेले असते मी.” मला ते ऐकू आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणून सुटका करून घेणार नाही. पण माझ्या डोक्यात तोवर कॉम्प्युटर सुरूही झाला होता, आणि मी एकदा शिकवायला लागलो की मला समोरचं माणूस दिसत नाही. हा दोष माझ्यात अजून आहे. बायको रोज सांगते.

आमच्या क्लासनं एक मशीन भंगारात द्यायला काढलं होतं. मालकाच्या हातापाया पडून मी ते रिक्षात घालून घरी आणलं. सोळा एमबीची मेमरी. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात, त्यांच्या चार फोटोंना त्याहून जास्त जागा लागते. क्लासात जी विंडोज होती ती या मशीनला झेपणं शक्यच नव्हतं. त्यात बिचाऱ्या मशीनचाही दोष नाही, म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोतं दिलं तर तो बसणारच. मग औरंगाबादच्या स्टँडवर घेतलेल्या एका इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती काढली. मशीनला सीडी लावायची सोयच नव्हती, म्हणून रविवारी क्लासातला सीडी ड्राइव्ह खोलून घरी आणला आणि सोमवारी सकाळी मालक यायच्या आत परत बसवला. असे मी तीन रविवार केले.

लिनक्स म्हणजे काय हे घरात समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. वहिनीला एवढंच सांगितलं की कॉम्प्युटर चालवायची ही दुसरी पद्धत आहे, फुकट आहे, आणि गरिबाच्या मशीनवरही चालते. ती म्हणाली, “मग आपलीच म्हणा की.”

पण सीडीवरचं जे काही होतं ते आपोआप गरिबाचं नव्हतं. पहिल्यांदा आला तो चकचकीत बटणांचा, रंगीत चित्रांचा पडदा, आणि मशीन धापा टाकायला लागलं. तो सगळा थाट मी उचकटून फेकला. त्याच्या जागी पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा एक एवढासा प्रोग्राम टाकला. त्याला ना बटण ना चित्र. रिकाम्या करड्या पडद्यावर माउसचं उजवं बटण दाबलं की चार ओळींची यादी यायची: लिही, उघड, घड्याळ, बंद कर. ही मराठी नावं मी स्वतः घातली होती, इंग्रजी अक्षरांत. त्याचा मला त्या वेळी इतका गर्व होता की क्लासातल्या दोघातिघांना घरी आणून दाखवलं. ते बघून गेले. त्यांतला एक म्हणाला, “एवढा आटापिटा कावून करायलास बे? नवं मशीन घे की.” जणू मशीन उंबऱ्यात पडलंय आणि मीच उचलत नाही!

खरी मारामारी लिहायच्या प्रोग्रामवर झाली. टाइपरायटरच्या मांडणीचा एक मराठी फाँट माझ्याकडं होता. टाइपरायटरसारखंच त्यात आधी अक्षर दाबायचं, मग काना, मग मात्रा. तो बसवला तर एक प्रोग्राम वेलांटी अर्धी कापायचा. दुसरा अनुस्वार पुढच्या अक्षरावर ढकलायचा. तिसऱ्यात सगळं नीट, पण दहा ओळी झाल्या की मशीन गप्प. चौथा मोठा होता, सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की आई विचारायची, “झोपलं का रे ते?” पाचवा सापडला तो अगदी किरकोळ, पाव फ्लॉपीवर मावेल एवढा. ना छापणं, ना रंग, ना ठळक अक्षर. त्याला एकच काम यायचं, दाबलेलं दाखवायचं. वेलांटी पुरी, रफार जागेवर. मी आनंदानं ओरडलो तर आई वाती वळता वळता दचकली.

आणि त्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. ओळ भरली की तो आपोआप पुढच्या ओळीवर जायचा. ती सोय बंद करता येत होती. मी ती चालू ठेवली. मला वाटलं, वहिनीला तेवढंच सोपं.

सहा महिने आम्ही भारनियमनाचं वेळापत्रक बघून शिकलो. कधी पहाटे पाचला, कधी ऑफिसातून आल्या आल्या. वीज न सांगता जायची आणि मशीन धाडकन बंद पडायचं. मग पुढच्या वेळी सुरू होताना लिनक्स स्वतःची सगळी डिस्क तपासत बसायचं, पडद्यावर आकडे हळूहळू सरकायचे. पहिल्यांदा वहिनी घाबरली. नंतर नुसतं म्हणायची, “भाऊजी, ह्याचं पारायण बसलं बघा,” आणि तेवढ्यात भाजी निवडून घ्यायची. पुढं आमच्या घरात कुणीही उशीर लावला की त्याचं पारायण बसलं असं म्हणायची रीतच पडली.

मधूनच टाइप करताना मशीन अडायचं. अक्षर उमटायचं नाही. वहिनी घाबरून तीच कळ दहादा दाबायची, आणि मग मशीन जागं झालं की दहाही अक्षरं एकदम बाहेर पडायची. मी चिडायचो. माझा आवाज तसा मोठाच. “अडलं की दाबत बसायचं न्हाई! हात काढायचे. मांडीवर ठेवायचे. थांबायचं. ते आपोआप चालू हुतं.” हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की पुतणीसुद्धा तिच्या खेळातल्या बाहुलीला सांगायची, हात काढ, मांडीवर ठेव.

ती शिकली. उगाच म्हणत नाही, वहिनीसारखी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही. पहिल्या महिन्यात मिनिटाला आठ शब्द, मग पंधरा, मग चोवीस. पदर खोचून, पाठ ताठ करून बसायची. बघता बघता तिची बोटं पाण्यावरून चालल्यासारखी चालायला लागली, आवाजसुद्धा नाही. माझा गडद हिरवा स्वेटर अंगावर घालून एका पहाटे तिनं मिनिटाला छत्तीस शब्द काढले. भाऊ गेल्यानंतर ती पहिल्यांदा मोकळी हसली. “आता मला कोण उठवतंय खुर्चीवरून, बघते!” ती म्हणाली. आईनं तिच्यावरून बोटं मोडली, आणि पास झाली तर कपिलधारला पायी येईन असा नवस बोलून बसली.

परीक्षेचा फॉर्म मात्र टायपिंग क्लासमार्फतच भरावा लागायचा. म्हणून आम्ही दोघं बसस्टँडजवळच्या त्या क्लासात गेलो. तिथले सर म्हातारे होते, बोटांची पेरं चपटी झालेली. त्यांनी फॉर्म भरून घेतला आणि वहिनीला एका मशीनवर बसवलं. तिनं दोन ओळी टाइप केल्या. मांडणी तीच, चूक एक नाही. सरांनी कागद उचलून उजेडात धरला.

“अक्षर फिकं यायलंय. मारत न्हाईत तुमी, कळंला नुसतं शिवायलात. महिनाभर यांना हितं पाठवा.”

“सर, स्पीड छत्तीस हाय,” मी म्हणालो.

“स्पीड असंल. हात कुठं हाय?”

मला राग आला. हे म्हातारे लोक, यांचं लोखंड, यांच्या फिया, असं सगळं एकदम डोक्यात आलं. महिनाभर तिथं येऊन तिनं काय शिकायचं होतं? एक दांडा ओढायला? ओळ संपत आली की घंटी वाजते, मग डाव्या हातानं दांडा ओढायचा, कागदाची गाडी परत उजवीकडं जाते, नवी ओळ सुरू. हे मी तिला घरी येताना रिक्षात तोंडी सांगितलं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, “आठ दिवस तरी येऊ का मी इथं?” मी म्हणालो, “काही गरज न्हाई. उगं हात बिघडंल.” वाक्यनवाक्य लक्षात आहे. शहाणपणा म्हणतात तो हाच.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. वेगाचा उतारा मोजून सात मिनिटांचा. मी बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. आतून देखरेखीच्या बाईनं ‘सुरू करा’ म्हटलेलं ऐकू आलं आणि एकदम तीस मशीनं सुटली. जमीन हादरते असं वाटलं. त्या आवाजातून वहिनीचं मशीन वेगळं ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी कान देऊन उभा होतो, आणि मनात म्हणत होतो की यांतली निम्मी पोरं छत्तीसच्या जवळपाससुद्धा नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही करंगळ्यांची नखं निळी पडली होती. “कसं गेलं?” म्हटलं. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथल्या बाकावर ती बसली आणि मग सांगायला लागली.

पहिल्या तीन ओळी ठीक गेल्या. घंटी ऐकून तिनं दांडा ओढला. मग हात लयीत आला, आणि लयीत आला की तो घरच्यासारखा चालणार. ओळ संपली तरी बोटं पुढं चालली. तीस मशीनच्या गोंधळात घंटी कुणाची वाजली हे कळलं नाही. कडेला आलं की टाइपरायटर कळा अडवतो, दाबलं तरी दबत नाही. तशा कळा अडल्या.

“मग?” मी विचारलं.

“मग हात काढले. मांडीवर ठेवले.”

“आणि?”

“थांबले की. तुमी म्हणला हुता, आपोआप चालू हुतं.”

किती वेळ थांबली हे तिला सांगता आलं नाही. देखरेखीच्या बाईनं येऊन खांद्याला हात लावून विचारलं, “काय झालं, तब्येत बरी नाही का?” तेव्हा ती भानावर आली आणि दांडा ओढला. मग घाईत अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकले, ते सोडवताना बोटं शाईनं भरली. उतारा अर्धासुद्धा झाला नाही. आणि जो झाला तो फिका.

गुऱ्हाळवाला दोन ग्लास ठेवून गेला होता. मी म्हणालो, “निकाल लागू दे, काही सांगता येत न्हाई.” हे खोटं होतं आणि तिला ते कळत होतं.

निकाल लागला. नापास. मी मुदतवाढीचे अर्ज केले, जिथं ओळख होती तिथं आणि जिथं नव्हती तिथंही गेलो, चपला झिजवल्या. एका पुढाऱ्याच्या बैठकीत चार तास बसून होतो, त्यानं अर्ज वाचला आणि पानाचं तबक सरकवलं. शेवटी कागद आला. क्लार्कच्या जागेवर ठेवता येत नाही, तयारी असेल तर शिपाई म्हणून सामावून घेऊ. तयारी नसून काय करते? लेक शाळेत जायची होती. तिनं सही केली.

त्या संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर जुनं लुगडं टाकून तो झाकला. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला बोलेल. आई वाती वळत बसली होती. मीच म्हणालो, “वहिनी, माझ्यामुळं झालं हे.”

ती म्हणाली, “हो. तुमच्यामुळंच झालं.”

एवढं सरळ उत्तर मी धरलं नव्हतं. आईचे हात थांबले.

“तुमी कष्ट लई केले, भाऊजी. ते मला दिसत न्हाई असं न्हाई. पण मला क्लासला जायचं हुतं. टायपिंगसाठी तर जायचं हुतंच. पण दिवसातून एक तास, चार बाया असतात तिथं, मला त्यांच्यात बसायचं हुतं. मी म्हणलं बी हुतं. दोनदा म्हणलं. तुमी मला एकदा बी इचारलं न्हाई. आत्याबाईंनी बी न्हाई.” मग ती उठून कणीक मळायला गेली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढं दीड वर्ष ती शिपाई म्हणून काम करत होती. ज्या टेबलामागं ती आवक-जावक रजिस्टर घेऊन बसायची, त्याच टेबलावर पाणी ठेवायचं, फायली इकडून तिकडं न्यायच्या, साहेबांची बेल वाजली की उठायचं. घरी ती ऑफिसचं काही सांगायची नाही. मीही विचारायचो नाही. आई कपिलधारला गेली नाही, नंतर गुडघ्यांनीच तिला जाऊ दिलं नाही. घरचा कॉम्प्युटर मी क्लासात नेऊन ठेवला. माझं लग्न झालं. जुनी मशीनं चालती करून देणारा माणूस म्हणून मात्र गावात माझं नाव झालं, आणि त्या नावाचा मला वीट यायला लागला होता.

असंच एक दिवस वहिनीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. वरच्या कार्यालयानं आपले दोन जुने कॉम्प्युटर त्यांना दिले होते आणि ते काही केल्या चालेनात. मी जाणार नव्हतो. मग वाटलं, नाही गेलो तर वहिनीला कुणीतरी काहीतरी बोलेल. गेलो. ती दाराशी स्टुलावर बसली होती. माझ्याकडं बघून ओळखीचं हसली आणि फाइल घेऊन आत गेली. मी दोन तासांत मशीनवर तेच सगळं टाकलं: तोच करडा पडदा, तीच चार ओळींची यादी, वेलांटी पुरी दाखवणारा तोच पाव फ्लॉपीचा प्रोग्राम. दुसरं मला काही येतही नव्हतं आणि नवीन शोधायचा उत्साह उरला नव्हता.

तिथला टायपिस्ट क्लार्क येऊन खुर्चीवर बसला. चाळीसचा स्पीड असलेला माणूस, तसं प्रमाणपत्र त्याच्याकडं होतं. त्यानं सवयीनं कळ ठोकली आणि दाबून धरली. पडद्यावर एकाच अक्षराची रांग उमटली. पुन्हा ठोकली, पुन्हा रांग. “हे काय खेळणं आणलंय!” म्हणाला आणि चहाला निघून गेला.

हेडक्लार्क घाईला आले होते. औरंगाबादला जाणारी जीप खाली उभी होती आणि पत्र त्यातच गेलं पाहिजे होतं, छापता येत नसलं तर फ्लॉपीवर. एकुलता एक टाइपरायटर दुरुस्तीला गेलेला. ते मला म्हणाले, “तुम्हीच काढा की.” मला मराठीचं टायपिंग येत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मांडणी मला तोंडपाठ होती, शिकवता येत होती, पण माझी स्वतःची बोटं दोनच चालायची.

वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. तो तिनं टेबलाच्या कडेला ठेवला. “साहेब, मी काढू का?”

हेडक्लार्कांनी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला येतं?”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पदर खोचला, पाठ ताठ केली. कच्चा मसुदा डावीकडं ठेवला आणि सुरू केलं. बोटं तशीच चालली, आवाज नाही. ओळ भरली की आपोआप पुढच्या ओळीवर. ना घंटी, ना दांडा. जावक टेबलावरची बाई हात थांबवून बघत राहिली. दहा मिनिटं झाली नसतील, दीड पानाचं पत्र पुरं झालं. हेडक्लार्क वाकून पडद्यावर वाचत गेले. एक चूक सापडली, तीही मसुद्यातलीच.

“बाई, हे कुठं शिकलात तुम्ही? कुणी शिकवलं?”

“हे आमचे भाऊजी,” ती म्हणाली. “ह्यांनीच शिकवलं मला.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, मला तो हवा होता. त्यात चक्क अभिमान होता. हेडक्लार्कांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वा! लई चांगलं शिकवलं की हो तुम्ही!” मी वाकून मशीनच्या मागची वायर उगाच घट्ट केली.

तेवढ्यात टायपिस्ट चहा पिऊन आला आणि येऊन उभा राहिला. वहिनी उठली, पदरानं खुर्ची पुसली आणि त्याला बसायला जागा दिली.